मामांच्या लाइव्ह कॅसेट्स: भुसावळहून इंटरनेट अर्काइव्हपर्यंत

भुसावळला राहणाऱ्या माझ्या मामांनी रॉक मैफलींच्या लाइव्ह कॅसेट्स तीस-पस्तीस वर्षं जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या ज्या रीतसर देता येण्यासारख्या होत्या, त्या मी डिजिटल करून इंटरनेट अर्काइव्ह या जुनं साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर चढवल्या. आता त्या कुणालाही फुकट ऐकता येतात. फेब्रुवारी २०२३ला काम हातात घेतलं आणि पहिली मैफल जानेवारी २०२४मध्ये दिसू लागली. सुरुवातीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मराठीत कुणी लिहिलेलंही सापडलं नाही. घरात अशी पेटी असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

मामा तरुणपणी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होते. इंग्रजी गाण्यांची गोडी तिथल्या मित्रांमुळे लागली. पुढे भुसावळला बदली झाली तरी मैफल असली की ते रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, व्हीटीला उतरून चालत धोबीतलावच्या रंगभवनात. उघड्यावरचं ते नाट्यगृह तेव्हा आपल्याकडच्या रॉकचं माहेरघर होतं. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं तिथेच होत राहिला. नंतर शांतता क्षेत्राचे नियम आले आणि त्या मैफली बंद झाल्या. मामांनी हाजीअलीच्या हिरा पन्नातून एक सोनीचा छोटा रेकॉर्डर घेतला होता. तो शर्टाच्या खिशात, माइक कॉलरला. पुढच्या रांगेत धक्काबुक्की फार म्हणून ते नेहमी मधोमध, ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या जवळ उभे राहायचे. ही जागा किती विचार करून निवडलेली होती ते मला कॅसेट्स ऐकायला लागल्यावर समजलं, कारण दोन्ही बाजूंच्या स्पीकरचा आवाज तिथे सारखा पोचतो.

पेटीतल्या बाकीच्या कॅसेट्स परदेशातून आलेल्या. ही देवघेव कशी चालायची ते मामांकडून नीट ऐकून घेतलं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने आपल्या मैफली प्रेक्षकांना रेकॉर्ड करू दिल्या. १९८४पासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागाच ठेवली. अट एकच, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, समोरचा कॉपी करून परत पाठवणार, आपण पुढे दुसऱ्या कुणाला तसंच करून द्यायचं. मामांचा इंग्लंडमध्ये एक पत्रमित्र होता. त्याला भारतीय तिकिटांचा उपयोग नाही, म्हणून मामा पोस्टातून आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन घेऊन पाकिटात घालायचे. ते दाखवलं की तिकडच्या पोस्टात तिकिटं मिळत. येणारं पाकीट बहुतेक वेळा कस्टम्सने उघडून तपासलेलं असे. आत काय आहे, किंमत किती, विकायला आहे का, सगळं लिहून द्यावं लागे. मामांनी त्या पावत्यासुद्धा कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवल्या आहेत. पुढे त्या पावत्या माझ्या फार कामी आल्या.

पहिलं काम निवडीचं, आणि ते डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, चालू करण्याआधी करा. आम्ही भुसावळच्या घरी सतरंजीवर तीन ढीग लावले. (मामी दारातूनच म्हणाल्या, "हे काय मांडलं वं बाई?" आणि मग स्वतःच डब्या पुसायला बसल्या.) एक ढीग मामांनी स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगचा, दुसरा देवघेवीतून आलेल्यांचा, तिसरा बाजारात मिळणाऱ्या अल्बमवरून उतरवून घेतलेल्यांचा. तिसरा ढीग सरळ परत पेटीत. तो वाटायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या ढिगाने मात्र मन अडकवलं. त्यात मामांची सगळ्यात लाडकी कॅसेट होती: ग्रेटफुल डेड, ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी थेट साउंडबोर्डवरून, म्हणजे ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून, केलेलं हे रेकॉर्डिंग. त्यांच्या टेप १९८६मध्ये गोदामातून लिलावात गेल्या आणि त्यानंतर हळूहळू देवघेव करणाऱ्यांमध्ये पसरल्या. २०११च्या यादीत ही मैफल अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतली गेली आणि २०१७मध्ये अधिकृतपणे प्रकाशितही झाली. मामांची प्रत म्हणजे कॉपीची कॉपीची कॉपी, सरसर आवाज गाण्याइतकाच मोठा. अधिकृतपणे निघालेलं रेकॉर्डिंग वाटायचं नाही हा या मंडळींचा पाळलेला नियम आहे, शिवाय त्याहून चांगली प्रत जगाकडे आहे. म्हणून ती ठेवून दिली. इथे वेळ वाचवायचा सल्ला: देवघेवीतली कॅसेट हातात घेतली की आधी ती मैफल अर्काइव्हवर आहे का, कोणत्या स्रोतावरून आहे, ते शोधा. रेकॉर्डिंगला परवानगी देणाऱ्या परदेशी बँडचं बहुतेक आधीच असतं. तुमच्याकडचं खरं धन म्हणजे जे तुमच्याच माणसाने स्वतः उभं राहून टिपलं ते. आमच्या बाबतीत रंगभवनचा पहिला ढीग.

मार्चमध्ये डेक. मामांचा जुना डेक पडून होता. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये बऱ्याच जणांनी "आता कोण दुरुस्त करतं हे" म्हणून परत पाठवलं. शेवटी जुन्या रेडिओचं काम करणारे एक काका भेटले. त्यांनी बेल्ट बदलले, टेप ओढणारा, कडक झालेला रबरी पिंच रोलर बदलला, टेपवरचा आवाज वाचणारं हेड साफ केलं. रोलर मुंबईहून मागवावा लागला, त्यात तीन आठवडे गेले. एकूण १,८०० रुपये. काकांनी शिकवलेली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. रेकॉर्ड करताना त्या मशीनचा कोन जसा होता तसाच वाजवताना जुळला नाही, तर वरचा आवाज बुजलेला येतो. प्रत्येक कॅसेट लावल्यावर झांजांकडे कान ठेवून तो स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. झांज उघडून आली की थांबायचं. कितीतरी कॅसेट्स मी "खराब झाल्या" म्हणून बाजूला टाकल्या असत्या, त्या एवढ्याने जिवंत झाल्या.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. केमिस्टकडचं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी जास्त असतं. दर कॅसेटनंतर पुसायचं. काही कॅसेट्समध्ये टेपमागची ती छोटी स्पंजची गादी गळून पडली होती, गोंद वाळून. अशा वेळी टेप दुसऱ्या, पाच स्क्रूवाल्या चांगल्या शेलमध्ये, म्हणजे कॅसेटच्या प्लास्टिकच्या खोक्यात, हलवतात. पण शेल त्याच जातीचा घ्या. क्रोम या वेगळ्या लेपाच्या कॅसेटच्या वरच्या कडेला जास्तीच्या खाचा असतात, त्या बघून डेक स्वतःची सेटिंग बदलतो. क्रोम टेप साध्या शेलमध्ये घातली की डेक फसतो आणि आवाज चरचरीत येतो.

एप्रिल-मेमध्ये मी काम थांबवलं. जळगावचा मे म्हणजे ४४-४५ अंश, आणि बंद खोलीत लॅपटॉप, डेक, वर पंखाही लावायचा नाही म्हटल्यावर माणूस आणि टेप दोघांचीही परीक्षा. उष्णतेने टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं पुसट ऐकू येतं ते त्यामुळे. मामांनी पेटी कधी माळ्यावर टाकली नाही, खालच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात ठेवली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिल्या असत्या तर आज हातात काही उरलं नसतं. तुमची पेटी माळ्यावर असेल तर बाकी काही करा न करा, ती आज खाली उतरवा.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर प्रत्यक्ष उतरवणं सुरू केलं. याला घाई चालत नाही, ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी घट्ट बसलेली टेप मोकळी होते. डेकमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करणारी डबी), तिथून लॅपटॉप. इंटरफेसला साडेसात हजार लागले. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसून चांगलं काही मिळत नाही, इथे पैसे घाला. सेटिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, तासाला साधारण २ जीबी. आवाजाची पातळी अशी की सगळ्यात मोठा ठोकाही शून्याच्या सहा डेसिबल खालीच राहावा. डॉल्बी (रेकॉर्ड करतानाच सरसर दाबायची पद्धत) बटण डबीवर लिहिलं असेल तसंच. मामांच्या रेकॉर्डरला डॉल्बी नव्हतं, म्हणून बंद. आणि लॅपटॉपवरची सरसर कमी करणारी कुठलीही सोय वापरायची नाही. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवायची. साफसफाई करायचीच तर वेगळ्या प्रतीवर. उद्या आपल्याहून जाणता कुणी येईल, त्याच्या हाती कच्चा माल पडला पाहिजे.

वीज हा आमच्याकडचा खास विषय. भारनियमन नसलं तरी पावसात वीज सतत ये-जा करते आणि साध्या इन्व्हर्टरवर डेक चालवला की आवाजात घरघर येते. म्हणून लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा आणि वीज गेली की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. मी रात्री साडेदहानंतर बसायची. गल्ली शांत, व्होल्टेज स्थिर.

हेडफोनमध्ये जे ऐकू आलं ते मी विसरणार नाही. १९८९ची एक बाजू. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाला तारा लावतोय, पावसाचे थेंब माइकवर टपटपतायत, मागून कुणीतरी ओरडतं, "ए छत्री खाली घे ना यार!" आणि मग अगदी जवळून, अगदी हळू, मामांचा आवाज: "बॅटरी बदलतो." खट्. बाजू तिथेच तुटते. तेव्हाचे मामा माझ्याहून लहान होते.

ती बॅटरी एका अडचणीचं मूळही होती. बॅटरी उतरत गेली की रेकॉर्डरची मोटर मंद होते, आणि मंद चालत असताना टिपलेलं नीट चालणाऱ्या डेकवर वाजवलं की गाणं पळतं आणि चढ्या पट्टीत येतं. बाजूच्या शेवटी शेवटी गायकाचा आवाज मुलासारखा होत जायचा. यावरचा उपाय फार सुंदर आहे. मंचावरच्या यंत्रांमध्ये विजेची एक बारीक घुरघुर असते, ती माइकने टिपलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅसेटवर तीच घुरघुर ५३वर दिसली, तर गती ५०ला ५३ने भागून येईल त्या प्रमाणात कमी करायची. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढून हे दिसतं. अमेरिकेतली कॅसेट असेल तर हिशोब ६०चा, कारण त्यांची वीज तशी. ही दुरुस्तीसुद्धा वेगळ्या प्रतीवर, आणि किती बदल केला ते लिहून.

लिहिणं हा या सगळ्या कामाचा कणा आहे. प्रत्येक मैफलीसोबत एक साधी मजकुराची फाइल जाते: बँड, तारीख, जागा, कुणी टिपलं, कोणत्या यंत्राने, कोणत्या जातीच्या कॅसेटवर, ती मूळ आहे की कितवी प्रत, कोणत्या डेकवरून कुणी उतरवली, पुढे काय बदललं, गाण्यांची यादी, कुठे बाजू संपून गाणं तुटलं. शेताच्या सातबाऱ्यावर जसे फेरफार चढत जातात तसंच. ही नोंद नसेल तर आवाज कितीही चांगला असो, जाणकार माणूस त्याच्याकडे संशयानेच बघतो, आणि बरोबरच आहे त्याचं. मामांच्या लेबलवर तारखा अर्ध्याच होत्या: "रंगभवन, रवि., पाऊस". वर्ष शोधायला आम्ही त्यांच्या जुन्या ड्यूटी डायऱ्या काढल्या. सीएल कधी घेतली, पास कधी काढला, सगळं होतं. ज्या डबीत कस्टम्सची पावती होती त्या कॅसेटची तारीख त्याहून आधीची असणार हे उघड. अशी सांगड घालत जुलै-ऑगस्ट गेला. जिथे दिवस पक्का ठरला नाही तिथे फक्त महिना आणि वर्ष लिहिलं.

मग फाइली फ्लॅकमध्ये बदलायच्या. फ्लॅकमध्ये आवाजातला कणही न गमावता आकार साधारण निम्मा होतो. अर्काइव्हच्या लाइव्ह संगीत विभागात एमपी३वरून बनवलेलं चालत नाही. सोबत एमडी५ नावाचा आकड्या-अक्षरांचा ठसा काढून जोडायचा. पुढे कुणाकडेही फाइल गेली तरी ती अस्सल आहे, वाटेत बिघडलेली नाही, हे त्यावरून कळतं.

सप्टेंबरपासून परवानगी. हा भाग सगळ्यात लांबला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इंटरनेट अर्काइव्हचा हा विभाग ईट्री या देवघेव करणाऱ्या मंडळींच्या साथीने २००२मध्ये सुरू झाला. ज्या बँडने होकार दिलाय त्याचंच रेकॉर्डिंग तिथे ठेवतात. ग्रेटफुल डेडच्या पुष्कळ मैफली असूनही त्यांची साउंडबोर्डवरची रेकॉर्डिंग्ज २००५च्या अखेरीपासून फक्त ऐकता येतात, डाउनलोड करता येत नाहीत, कारण बँडचा तसा निर्णय झाला. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यातल्या ३८व्या कलमाने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क मिळतो. ३९व्या कलमाप्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी टिपणं हा भंग नाही. म्हणजे मामांनी कपाटात ठेवलं ते ठीक, पण जगापुढे ठेवायचं तर ज्यांनी वाजवलं त्यांना विचारलंच पाहिजे. दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर मूळ गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा राहतो. म्हणून बँडच्या स्वतःच्या रचना असलेली मैफल मी आधी घेतली.

बँडचं नाव इथे देत नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे. गायक पुण्यात भेटले. एक जण कॅनडात. ढोलकरी, म्हणजे ड्रमर, आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नी नाशिकला असतात. मामांनी स्वतः फोन केला, "वहिनी, मी भुसावळहून बोलतोय, तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या ह्यांचं वाजवणं माझ्याकडे आहे." त्यांनी आधी ऐकायला मागितलं. पेन ड्राइव्ह स्पीड पोस्टाने पाठवला. पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा त्यांच्या मुलीने बाबांचा एक पूर्ण ड्रम सोलो पहिल्यांदाच ऐकला होता. होकार दिला, पण कागदावर हवं म्हणाल्या.

म्हणून कोर्टासमोर स्टँप व्हेंडरकडे रांग, तेव्हा चालणारा १०० रुपयांचा स्टँपपेपर, टायपिंग, नोटरी. वकिलांचं म्हणणं होतं की साध्या कागदावरची सहीही पुरेशी आहे. पण समोरच्याला ज्याने निश्चिंत वाटेल ते करावं. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवला: कोणत्या तारखेची मैफल, कोणती गाणी, विक्री किंवा जाहिरात होणार नाही, नावं कशी द्यायची, आणि कधीही मन बदललं तर काढायला सांगता येईल. शेवटची ओळ आवर्जून घाला. ती वाचून माणसं सैलावतात. बँडच्या अल्बमवर निघालेलं एक गाणं वगळायला सांगितलं, ते वगळलं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर गायकांनी बँडच्या ईमेलवरून अर्काइव्हच्या त्या विभागाला परवानगी कळवली. हे पत्र बँडकडूनच जावं लागतं, आपण पाठवून उपयोग नाही. बँडचं पान उघडायला काही आठवडे लागले.

चढवणं सोपं निघालं. आयटमचं, म्हणजे मैफलीच्या पानाचं, नाव ठरलेल्या साच्यात: बँडचं संक्षिप्त नाव, मग वर्ष, महिना, दिवस. आमच्या गल्लीत नेट चढवायला संथ, म्हणून रात्रभर लावून झोपायचं आणि सकाळी एमडी५ जुळवून बघायचं. पान दिसायला लागलं त्या रात्री मामांना फोन केला. ते गाणी ऐकत बसले नाहीत. आधी मजकुराची फाइल पूर्ण वाचली आणि म्हणाले, "कॅसेट टीडीकेची नव्हती, मॅक्सेलची होती. बदल ते." बदललं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर: डेक १,८००, इंटरफेस ७,५००, दोन हार्ड डिस्क ९,०००, शेल, अल्कोहोल, टपाल, स्टँप आणि नोटरी मिळून अडीच हजारांच्या आसपास. डिस्क दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आमची एक जळगावला, एक भुसावळला. मूळ कॅसेट्स फेकू नका. उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला. हीच सगळी पद्धत गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या किंवा गावच्या भजनाच्या कॅसेट्सनाही जशीच्या तशी लागू पडते.

आणखी एका बँडच्या दोन मैफली उतरवून, नोंदीसकट तयार आहेत. तिघांनी होकार दिलाय. चौथे बासवादक, त्यांच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. सध्या त्यांच्या कॉलेजातल्या मित्रांकडून पत्ता काढणं चालू आहे. त्यांची सही आली की पुढची चढेल.